शाळेत न गेलेल्या लेकीचं ड्रायव्हिंग लायसन

आमची लेक शाळेत कधी गेलीच नाही. घरीच शिकली, दहावी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दिली. अठरा पूर्ण झाल्यावर गाडी शिकायचं ठरलं, तर मुलुंडमधल्या पहिल्याच ड्रायव्हिंग स्कूलने शाळा सोडल्याचा दाखला मागितला. नाही म्हटल्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मग कठीण आहे, मॅडम."

कठीण काही नाही. होमस्कूलिंगवाल्या पालकांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. आरटीओला वयाचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, शाळेचा नाही. जन्मदाखला चालतो, पासपोर्ट चालतो. खासगी गाडीच्या लायसनला शिक्षणाची अटच नाही. आधारवरची जन्मतारीख मात्र आधी तपासून घ्या आणि पंधरा वर्षांनंतरचं बायोमेट्रिक अपडेट राहिलं असेल तर ते उरकून टाका. आधार नीट असेल तर लर्नरची, म्हणजे शिकाऊ लायसनची परीक्षा सरकारच्या 'सारथी' पोर्टलवर घरूनच देता येते. महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे.

सोळाव्या वर्षी स्कूटर द्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. कायद्याने सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची विनागिअर गाडी चालवता येते, तीही पालकांच्या संमतीने. रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या स्कूटर १०० सीसीच्या वरच्या. अल्पवयीन मुलाच्या हातात अशी गाडी दिली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. शिवाय मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. आम्ही थांबलो.

टेक्सासला राहणाऱ्या माझ्या नणंदेने मुलाला स्वतःच शिकवलं. तिथे पंधराव्या वर्षी लर्नर मिळतं आणि आईवडिलांनी शिकवायचा रीतसर सरकारमान्य अभ्यासक्रम आहे. होमस्कूलिंगवाल्यांना तो फार सोयीचा. आपल्याकडे तसं काही नाही. तरी निम्मं शिक्षण घरी होतंच. शाळेतल्या मुलांना आरएसपी, म्हणजे रोड सेफ्टी पेट्रोल असतं, रस्त्याचे नियम कानावर पडत असतात. माझ्या लेकीला ते कुठून मिळणार? म्हणून आम्ही रोज रात्री चिन्हं घेऊन बसायचो. लर्नरला ६० टक्के पुरतात, पण तेवढ्यावर सोडायचं नाही हे आधीच ठरलं होतं. 'थांबा' आणि 'रस्ता द्या' यांत काय फरक, चौकात आधी कोण जाणार, हे सगळं बसमध्ये पुढच्या सीटवर बसून तिने प्रत्यक्ष बघितलं.

स्टिअरिंग मात्र मी माझ्या गाडीत तिच्या हाती दिलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक आणि क्लच असतो, माझ्या गाडीत हँडब्रेकशिवाय माझ्या हाताशी काहीच नाही. दुसऱ्या स्कूलमधल्या काकांनी तिला योगी हिल्सच्या चढावर नेलं तेव्हा मी मागे बसले होते. गाडी मागे घसरायला लागली, लेकीचा पाय क्लचवर थरथरत होता. काकांनी हळूच ब्रेक दाबला आणि म्हणाले, "घाई नको बाळा. आधी आवाज ऐक." इंजिनाचा आवाज जड झाला, बॉनेट जरासं उचलल्यासारखं झालं, तेव्हा म्हणाले, "आता ब्रेक सोड." गाडी जागची हलली नाही. लेकीने वळून माझ्याकडे बघितलं.

शाळा-कॉलेजच्या वेळेचं बंधन नसल्याने अकराची बॅच मिळाली, रस्ते मोकळे. पण तेवढ्यावर भागत नाही. शेवटचे तास संध्याकाळी एलबीएस रोडच्या गर्दीत घ्या, असं मी आग्रहाने सांगितलं. नियमाप्रमाणे कारच्या कोर्सला किमान १० तास प्रत्यक्ष गाडी चालवणं आहे. बऱ्याच ठिकाणी वीस मिनिटांत फेरी आटोपतात, म्हणून पैसे भरण्याआधीच तास विचारून घ्या.

लर्नर ६ महिने चालतं, ३० दिवसांनंतर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते. आमची वडाळ्याला झाली. रिव्हर्स घेताना ती आरशांत बघून शिवाय मान वळवूनही मागे बघत होती. पास झाली, कार्ड पोस्टाने घरी आलं.

पावसात तिने अजून गाडी चालवलेली नाही. जूनमध्ये त्याच काकांकडे आणखी काही तास लावणार आहे, ते तयार आहेत.