भीमबेटका आणि रेल्वेची खिडकी

आत्या भोपाळला असते, त्यामुळे भुसावळ-इटारसी-भोपाळ ही लाईन मी लहानपणापासून किती वेळा केली असेल याचा हिशोब नाही. नर्मदेच्या पुलावर सगळे उठून नाणी टाकतात, मग बुधनीनंतर घाट लागतो, आणि तिथे मी कायम पडदा ओढून झोपलेली. याच पट्ट्यात १९५७ साली एका माणसाला चालत्या गाडीतून डोंगरावरचे खडक दिसले, ते त्याच्या डोक्यातून जाईनात आणि तो परत आला. पुरातत्त्वज्ञ डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर, म्हणजे उज्जैनवाल्यांचे हरिभाऊ. जन्म नीमचचा, १९१९ चा, घर मराठी. मला हे पस्तिशी उलटल्यावर कळलं याचं खरंच वाईट वाटतं.

यावेळी सांची, भोजपूर, तलाव सगळं झालं, छान होतं, पण सांगायचंय ते भीमबेटकाचं, म्हणजे आदिमानवाने रंगवलेल्या गुहांचं. भोपाळहून साधारण ४५ किमी, ओबेदुल्लागंजच्या पुढे. आत्या म्हणाली दगड बघायला काय जायचं, पण डब्यात पराठे आणि लोणचं बांधून दिलंच.

आत शिरलं की आधी ते प्रचंड खडक, वाऱ्यापाण्याने झिजून छत्र्यांसारखे पुढे आलेले, आणि मग चित्रं. अडीचशेच्या आसपास प्राणी असलेला तो झू रॉक म्हणतात त्याच्यासमोर मी किती वेळ उभी होते माहीत नाही. हरणं, बैल, हत्ती, गवे, पांढऱ्या रंगात, आणि त्यांच्या अंगावरूनच कुणीतरी कितीतरी शतकांनी गेरूने घोडेस्वार काढलेले. आधीचं पुसलेलं नाही, तसंच राहू देऊन वर काढलंय. एका हरणाचे पाय बघत होते, चार बारीक रेघा, बस, पण ते पळतंय हे कळतं.

वाकणकर स्वतः चित्रकार होते म्हणून त्यांना हे असं दिसलं असणार. १८८८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याने आदिवासींकडून ऐकून या जागेची नोंद केली होती, पण बौद्ध स्थळ म्हणून. वाकणकरांनी इथे येऊन एकेक चित्र हाताने कागदावर उतरवून घेतलं, वाकून, पाठीवर पडून, जसं जमेल तसं. सातशेच्या वर गुहा आहेत इथे, आपल्याला दाखवतात जेमतेम पंधरा. पुढे याच विषयावर पुणे विद्यापीठाची पीएचडी, १९७५ ला पद्मश्री, आणि २००३ मध्ये जागतिक वारसा यादीत भीमबेटकाचं नाव लागलं तेव्हा ते नव्हते, १९८८ लाच सिंगापूरमध्ये वारले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ वि. ना. मिश्र सर, त्यांनीही इथे खोदकाम केलंय, हेही मला तिथे गेल्यावर समजलं.

आणि आता राग. एक कुटुंब आलं, आपलंच, मराठी बोलणारं, आणि वडिलांनी मुलाला उचलून हत्तीवर हात ठेवायला लावला, फोटोसाठी. मी म्हटलं, दादा, प्लीज हात नका लावू, घाम लागतो, रंग जातो. ते म्हणाले इतकी वर्षं टिकलंय, आता काय होणार आहे. मला काही सुचेना, रडूच यायला लागलं. मुलाने मात्र हात खिशात घातला आणि त्या हत्तीकडे बघत राहिला. खालून रेल्वेचा भोंगा ऐकू आला.

परतीची गाडी मुद्दाम दिवसाची घेतली. ओबेदुल्लागंज गेल्यावर मोबाईल पर्समध्ये टाकला आणि काचेला डोकं लावून बसले. साग, पळस, परत साग, आणि मग वरती ते खडक. समोरच्या काकूंनी विचारलं, काय दिसतंय गं? मी त्यांना माझी खिडकीची जागा दिली.