गुळगुळीत दिसतोय म्हणून रस्ता चांगला असं नसतंय

परवा हुरड्याला मामाच्या रानात गेलतो. मामा म्हणाला, "का रे, तू म्हणं रस्त्यात ट्रक उभा करून चाकात काठी घालून बसतोस, इंजिनियर होऊन हे काम?" बघितलं असणार कुणीतरी मला मोहोळकडं.

तर ती काठी म्हणजे बेंकेलमन बीम. ३.६६ मीटर लांब दांडी असते, खडीनं भरलेल्या ट्रकच्या मागच्या जोड चाकांच्या फटीत तिचं टोक सरकवायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं हळूऽऽ पुढं घे. ट्रकच्या वजनानं रस्ता दबलेला असतो, ट्रक पुढं गेला की तो परत वर येतो, आणि किती वर आला ते डायलवर कळतं (टेकू अशा जागी असतो की डायलच्या आकड्याची दुप्पट धरायची). मागच्या एक्सलवर बरोबर ८१७० किलो पाहिजे, त्यामुळं सकाळी पहिलं काम म्हणजे वजनकाट्यावर जाऊन पोती चढवा उतरवा. डांबरी रस्ता वाकतो हेच लोकांना पटत नाही. वाकतो ओ, पण मिलिमीटरमध्ये. अर्धा मिलिमीटर आला की आम्ही खुश, दीड आला की खालचा थर गेलाय समजायचं.

हे मोजायचं पावसाळा संपल्या संपल्या. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबरलाच, तेव्हा काळी माती पाणी पिऊन फुगलेली असते आणि रस्ता सगळ्यात कमजोर असतो. तीच माती मे महिन्यात दगडासारखी होते, तेव्हा मोजलं तर कुठलाही रस्ता पास. शिवाय डांबर उन्हात मऊ पडतं म्हणून रस्त्याला भोक पाडून त्यात ग्लिसरीन ओतून थर्मामीटर ठेवायचा, ३५ डिग्री स्टँडर्ड, वरखाली झालं तर डिग्रीमागं ०.०१ मिलिमीटरचा हिशोब. सोलापूरच्या उन्हात ३५ कधीच मागं पडतं त्यामुळं आम्ही चहा पण न घेता सहाला साइटवर.

एकदा काय झालं, एका रस्त्यावर (गाव सांगत नाही) दोन किलोमीटरला नुकतंच कार्पेट (म्हणजे वरचा डांबराचा पातळ थर) मारलेलं, काळंभोर, गाडी नुसती पळत होती आणि त्याच्या पुढचा तुकडा जुना, भेगाळलेला. डायल बघितला तर नव्या कार्पेटचे आकडे जुन्यापेक्षा वाईट! मला वाटलं बीमच बिघडला, परत मोजलं, परत तेच. साइडपट्टीवर पाणी साचून खाली मुरत होतं, मुरूम पार मऊ झालता. २५-३० मिलिमीटरच्या कार्पेटनं ताकद येत नाही, तोंडाला पावडर लावल्यासारखं. दुसऱ्या दिवाळीपर्यंत तिथं मगरीच्या पाठीसारख्या भेगा.

आता रस्त्याचं उरलेलं आयुष्य म्हणाल तर ते आम्ही आधी वर्षात मोजतच नाही, एक्सलमध्ये मोजतो. अजून किती दशलक्ष स्टँडर्ड एक्सल (म्हणजे आमच्या ट्रकच्या मागच्या एक्सलसारखे, आठ टनांच्या आसपासचे) झेपतील ते काढायचं, मग त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकनं भागायचं, तेव्हा वर्षं येतात. आणि इथंच मजा आहे, अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते ६० ट्रक फिरवून फिरवून टेस्ट केली त्यातून निघालं की वजन दुप्पट तर नुकसान साधारण सोळापट. २०१८ ला आपल्याकडं ट्रकच्या चार टायरवाल्या सिंगल एक्सलची वजनाची मर्यादा १०.२ टनावरून ११.५ केली, ऐकायला सव्वा टन पण याच हिशोबानं नुकसान दीडपटीच्या वर. तुमच्या माझ्या मोटरसायकलनं रस्त्याचं काही बिघडत नाही, कितीबी फिरा.

हायवेवर आता लेझरवाली गाडी भरधाव जात भेगा आणि चाकोऱ्या मोजते, पण तिला वरचंच दिसतंय. खालचं बघायला एफडब्ल्यूडी (फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर), वजन आपटायचं आणि जिओफोन म्हणजे रस्त्याची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरनं धक्का मोजायचा, मग कॉम्प्युटर प्रत्येक थराची ताकद वेगळी काढून देतो. भारी मशीन आहे, आमच्या वाट्याला मात्र अजून काठीच.

हे सगळं मामाला सांगितलं. त्यानं शेंगा चटणी पुढं सरकवली, म्हणाला "मग आपल्या फाट्यापर्यंतच्या रस्त्याला किती वर्षं धरायची?"

म्हटलं, तुझ्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, एका ट्रॉलीत किती टन ऊस घालतोस ते आधी सांग.

"हुरडा गार व्हायलाय, खा."