वॉर्निंग आली की लगेच '= ०' टाकायचं?

जुना सी कोड हातात आला आणि मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) कंपायलरच्या वॉर्निंग दाखवणारा 'वॉल' फ्लॅग चालू केला की 'मे बी युज्ड अनइनिशियलाइज्ड', म्हणजे 'व्हॅल्यू न देताच व्हेरिएबल वापरलं जाऊ शकतं', या वॉर्निंगची रांगच लागते. मग बरेच जण काय करतात, तर दिसेल तिथं 'इंट रेट = ०' ठोकतात (रेट म्हणजे फंक्शननं परत द्यायची व्हॅल्यू), वॉर्निंग गायब, कमिट, चला घरी. मला हे अजिबात पटत नाही.

समजा एक स्विच आहे, तीन केसमध्ये रेटला व्हॅल्यू मिळते, डीफॉल्ट (बाकी सगळ्या व्हॅल्यूंसाठीचा भाग) कुणी लिहिलेलाच नाही आणि खाली सरळ रिटर्न रेट. जीसीसी (सीचा कंपायलर) ओरडतोय ते बरोबरच आहे, चौथीच काही व्हॅल्यू आली तर स्टॅकवर पडलेला कचरा परत जाऊ शकतो. आता तिथं वर = ० टाकलं की कचऱ्याऐवजी ० जाणार, आणि अर्ध्याअधिक सी कोडमध्ये ० म्हणजे 'सगळं ओके'! म्हणजे बग जागच्या जागीच, फक्त आता तो कंपायलरलाही दिसत नाही आणि व्हालग्रिंडलाही (प्रोग्रॅम चालवून मेमरीच्या चुका शोधणारं टूल) नाही. डीफॉल्ट लिहा, त्यात एरर कोड द्या, दोन ओळींचं काम आहे.

कधी कधी जीसीसी उगाचच ओरडतो हेही खरं. एका इफमध्ये व्हॅल्यू भरली आणि तीच कंडिशन असलेल्या दुसऱ्या इफमध्ये वापरली तर त्याला दर वेळी ते कळतंच असं नाही (आणि ऑप्टिमायझेशन लेव्हल बदलली की उत्तरही बदलतं, ओ० ला गप्प, ओ२ ला बडबड). लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं वैतागून २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या नेहमीच्या बिल्डमधून ही मे-बी वाली वॉर्निंग बंदच करून टाकली. मी तरी आधी ते दोन इफ एकत्र करता येतात का बघतो, बहुतेक वेळा येतात.

पण न समजता वॉर्निंग गप्प केली तर काय होतं त्याचा कळस म्हणजे डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनमधलं ओपनएसएसएल, म्हणजे एन्क्रिप्शनची लायब्ररी. तिथं तक्रार व्हालग्रिंडची होती, अनइनिशियलाइज्ड मेमरी वापरताय म्हणून. २००६ मध्ये दोन ओळी कॉमेंट केल्या, त्यातली एक खरोखर निरुपद्रवी, पण दुसरी नेमकी रँडम नंबरसाठी सीड (सुरुवातीचा रँडम डेटा) मिसळणारी! उरलं काय तर प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमला सिस्टिमनं दिलेला नंबर), म्हणजे जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघड झालं मे २००८ मध्ये, आणि नुसता पॅच टाकून भागलं नाही, मधल्या काळात त्या मशिनींवर बनवलेल्या एसएसएच की (दूरच्या मशिनवर लॉगिन करायच्या डिजिटल किल्ल्या) लोकांना फेकून नव्या कराव्या लागल्या.