तंग दोन भोकं सैल

शनिवारी पहाटे साडेपाचला मोबाइल वाजला, तेव्हा मला मनापासून वाटलं की मॅडमचाच असावा आणि आज येत नाही म्हणत असाव्यात. फोन घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसाचा होता. रात्रीच्या पावसानं रिंगणात पाणी साचलंय, वाळू ओढू का, असं विचारत होता. ओढ म्हटलं. पाऊण तासानं मॅडम आल्याच. तीच जुनी स्कूटर, अंगात रेनकोट आणि हेल्मेट दोन: स्कूटरचं डोक्यावर, घोड्याचं हँडलला अडकवलेलं.

अकरा आठवड्यांनी येत होत्या. मे महिन्यात माझ्या डोळ्यांसमोर त्या घोड्यावरून पडल्या होत्या आणि पडल्या त्या माझ्या चुकीनं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी घोडदळातला माणूस. जयपूरची ६१ कॅव्हलरी. १९५३ साली संस्थानांची घोडदळं एकत्र करून ही रेजिमेंट उभी राहिली. तिच्यात राजपूत, कायमखानी आणि मराठे, असे तीन भाग. त्यातल्या आमच्या भागात बावीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर पुण्याबाहेर उसाच्या पट्ट्यात एका छोट्या रायडिंग स्कूलमध्ये शिकवतो. सात घोडी, दोन सईस, एक रिंगण. माणसं येतात ती बहुतेक पोवाडा डोक्यात घेऊन. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचं पाणी पाजायचं असतं सगळ्यांना, पण आधी मोबाइलवर फोटो हवा. दुसऱ्या आठवड्याला मांड्या दुखायला लागल्या की निम्मी गळतात. मॅडम त्यातल्या नव्हत्या. वय सेहेचाळीस, एका पतसंस्थेत हिशेबनीस. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला फोटो नको, मला बसता यायला हवं." दोन महिन्यांत त्यांची मांड चांगली जमायला लागली होती.

आमच्याकडे एक कुमैत घोडा आहे, रेसकोर्सवरून आलेला. शर्यतीतून निवृत्त झालेली बरीच घोडी रायडिंग स्कूलमध्ये येतात. याला आम्ही 'वकील' म्हणतो, कारण प्रत्येक गोष्टीवर उलट बोलतो. तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की पोट फुगवून धरतो. ही घोड्यांची जुनी खोडी. तुम्ही पट्टा खेचता, तो श्वास रोखून उभा राहतो. चार पावलं चालला की श्वास सोडतो आणि मघाचा घट्ट तंग सैल. म्हणून घोडा थोडा चालवायचा आणि तंग परत बघायचा, हे रंगरुटाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी कितीजणांना शिकवलं असेल याचा हिशेब नाही. त्या दिवशी फाटकापाशी कोणीतरी पावती मागत होतं. मी वळलो, पावती फाडून दिली आणि परत येऊन थेट म्हटलं, "चला, दुडकी."

वळणावर खोगीर फिरलं. मॅडम डाव्या अंगावर आल्या, हात पुढे टेकला. पडताना हात पुढे टेकला की धक्का वर खांद्याकडे जातो, तसा तो गेला आणि कॉलरबोन मोडलं. 'वकील' दहा पावलांवर उभा, पोटाखाली खोगीर लोंबतंय. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्याकडे बोलायला काही नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन मी सांगितलं, "मॅडम, तंग मी परत बघितला नव्हता." त्यांचे यजमान शेजारी होते, मुलगा होता. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. ते "हं" मी पुढे अकरा आठवडे ऐकत होतो.

आमचे उस्ताद म्हणायचे, पडलास की झटक वर्दी आणि हो वर, नाहीतर भीती हाडात जाते. विशीतल्या पोरांना ते चालतं. आम्ही रिकिबी, म्हणजे पाय ठेवायच्या कड्या, काढून तासन्‌तास दुडकी मारायचो, दिवसाला दोनदोनदा पडायचो, पडण्याचं काही वाटेनासं व्हायचं. पण डोकं आपटलेल्या किंवा हाड मोडलेल्या माणसाला तसंच परत वर चढवणं हा मूर्खपणा आहे, हे मी आता उस्तादांनाही सांगेन. आधी हाड जुळू द्या. भीती कुठे पळून जात नाही, ती थांबते.

तर त्या शनिवारी मी 'आक्का' काढून ठेवली होती. पंचकल्याणी घोडी, चारही पाय आणि कपाळ पांढरं, एकोणीस वर्षांची. फटाका फुटला तरी आधी चंदीची बादली संपवेल, मग बघेल. मॅडमनी खरारा मागितला. डावा हात अजून पुरता वर जात नव्हता, तरी मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत सगळी घोडी त्यांनी स्वतः साफ केली. मागून जाताना हात पुठ्ठ्यावर ठेवून, बोलत बोलत, अंगाला चिकटून गेल्या. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त बरोबर मागचं आणि कपाळासमोरचं थोडं सोडून. अकरा आठवड्यांत विसरल्या नव्हत्या.

मग खोगीर. मी मुद्दामच चार हात लांब उभा राहिलो. त्यांनी तंग आवळला, दोन बोटं सरकवून बघितली, लगाम धरून 'आक्का'ला रिंगणाची एक फेरी चालवली. परत आल्या, खोगिराची झडप उचलली, पट्टा खेचला.

"दोन भोकं," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

चढायच्या ओट्यावर पाय ठेवला, तिथपर्यंत सगळं ठीक होतं. वर बसल्या आणि दोन क्षणांत माणूस बदलला. धड पुढे वाकलं, गुडघे खोगिराला चिकटले, टाचा वर, मुठी छातीशी, श्वास बंद. भीती वाटली की सगळे असंच करतात, पोरंटोरंसुद्धा. अडचण अशी की घोड्याला यातल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ शिकवलेला असतो. पोटऱ्या दाबल्या म्हणजे चल. स्वार पुढे झुकला म्हणजे वेग हवा. रेसच्या घोड्याचं तर आणखी उलटं. जॉकी लगाम आखडतो तेव्हा त्या घोड्याला लगामावर भार टाकून पळायचीच सवय लावलेली असते. माणूस सगळ्या अंगानं 'थांब' ओरडत असतो आणि घोड्याला ऐकू येतं 'पळ'. मग तो पळतो, माणूस आणखी आवळतो आणि तो आणखी पळतो.

स्वीडनमध्ये मागे एक प्रयोग झाला होता. माणसांना सांगितलं की पुढच्या फेरीला घोड्यासमोर एकदम छत्री उघडणार. छत्री कोणी उघडलीच नाही. पण त्या फेरीला माणसांच्या छातीचे ठोके वाढले आणि त्यांच्याबरोबर घोड्यांचेही. उस्तादांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक होतं, ते सोडा.

म्हणून अशा वेळी 'घाबरू नका' म्हणायचं नाही. त्याचा कोणालाही, कधीही उपयोग झालेला नाही. मी लगामाला गाठ मारून मानेवर टाकली. 'आक्का'च्या मानेत रिकिबीचा जुना पट्टा बांधलेला होता, तोल गेला तर धरायला. आठ मीटरचा दोर तिच्या मोहरकीला लावला आणि मी मध्ये उभा राहिलो.

"बोला."

"काय बोलू?"

"पाढे म्हणा."

"सर, मी हिशेबनीस आहे."

"मग सोपं जाईल."

बोलायला लागलं की श्वास घ्यावाच लागतो, एवढंच त्यामागचं गणित. शिवाय दुडकीला दोनच ठोके असतात. पुढचा एक आणि तिरका मागचा एक पाय मिळून एक ठोका, उरलेले दोन मिळून दुसरा. स्वारानं एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. 'बे एके'ला उठा, 'बे'ला बसा. बे दुणे, चार. बे त्रिक, सहा. आपले पाढे या चालीत इतके चपखल बसतात की घोड्यावरच कोणी रचले असावेत अशी मला शंका आहे.

पहिल्या दोन फेऱ्या आवाज गळ्यातच. तीनचा, चारचा पाढा झाला तसा आवाज पोटात उतरला, टाचाही खाली आल्या. पाढा अडखळला की 'आक्का'चा आतला कान मागे वळायचा: काय झालं गं? पाढा सुरू झाला की कान परत पुढे. सातचा, आठचा, नऊचा सरळ. बाराचा तर मॅडमनी गायलाच म्हणायला हरकत नाही. तेराला आम्ही दोघंही जरा सावध झालो, कारण माझाही तेराचा पाढा तेवढाच कच्चा.

"तेरा सक्कं अठ्ठ्याहत्तर. तेरा साता एक्क्याण्णव. तेरा आठे..."

आणि उसातून मोर उडाला.

मोर उडतो तेव्हा पत्रा फाटल्यासारखा आवाज होतो. नुसत्या आवाजाला घोडा भीत नाही. माउलींच्या पालखीबरोबर अंकलीहून दरवर्षी दोन अश्व येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. टाळ-मृदंग आणि लाखभर माणसांच्या गजरात ते रिंगण धावतात. आवाज ओळखीचा असला की झालं. एकदम झालेलं मात्र 'आक्का'लाही चालत नाही. ती दोन पावलं आडवी उडाली. मॅडमचा उजवा पाय रिकिबीतून सुटला. त्या एका बाजूला कलल्या, हात पट्ट्यावर पडला, पट्टा धरला, कंबर परत मध्ये आली आणि सगळ्या रिंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या ओरडल्या:

"चारोदरसे!"

'आक्का' थांबली. तबेल्यापाशी सईस हसत खालीच बसला. मॅडमही हसत होत्या. डोळ्यांत पाणी होतं, गुडघे थरथरत होते, पण बसल्या होत्या मधोमध. रिकीब पायानंच शोधून पाय आत घातला.

"बरोबर आहे ना? एकशे चार?"

"बरोबर," मी म्हटलं. खरं तर मला आठवत नव्हतं.

"सर, दोर हलतोय."

मी बघितलं. ओला दोर माझ्या हातापासून 'आक्का'च्या नाकापर्यंत बारीक लाटा मारत होता, त्याच्यावरचे थेंब टपटप गळत होते. घोडी दगडासारखी उभी होती.

"आक्काचा कान बघा," त्या म्हणाल्या. एक कान सरळ माझ्याकडे वळलेला. कान वाचायला त्यांना मीच शिकवलं होतं. "दोर काढा आता."

मी म्हटलं, आज पहिलाच दिवस आहे. म्हटलं, वाळू ओली आहे. म्हटलं, मोर परत येईल. तिन्ही कारणं खरी होती. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, जसं पतसंस्थेत हप्ता थकवलेल्या माणसाचं ऐकून घेत असतील.

मग म्हणाल्या, "तुम्ही दवाखान्यात येऊन सांगितलं नसतं ना, तर मी परत आले नसते. मला वाटत राहिलं असतं की आपल्यालाच बसता येत नाही. तंग सैल होता म्हणून पडले. आज सैल नाही. मी बघितलाय."

दोराचा हूक भिजला होता, दोनदा अंगठा सरकला. तिसऱ्यांदा निघाला.

पुढची वीस मिनिटं काही चित्रासारखी नव्हती. पहिल्याच फेरीला गुडघे परत आवळले आणि 'आक्का' न सांगता दुडकीत गेली. माझं तोंड उघडलं होतं. शिकवणारा मध्येच ओरडला की त्याचीही एक छत्रीच होते, हे माहीत असूनही उघडलं होतं. मिटलं. मॅडमनी मोठ्यानं श्वास सोडला, तो मला मधून ऐकू आला. त्या खाली जड बसल्या आणि घोडी चालीवर आली. चौथ्या फेरीला त्यांनी स्वतः टाच लावली. बे एके बे. अर्धं रिंगण दुडकी, अर्धं चाल, मग परत. मोर उडाला होता तो उसाकडचा कोपरा मात्र त्यांनी एकदाही पूर्ण घेतला नाही. प्रत्येक वेळी अलीकडूनच कापला. मी काही बोललो नाही. तो कोपरा पुढच्या वेळेचा.

उतरल्यावर त्यांचे पाय लटपटले, म्हणून त्या थोडा वेळ 'आक्का'च्या मानेला टेकून उभ्या राहिल्या. मग तंग सैल केला, रिकिबी वर घेतल्या, खोगीर सईसाच्या हातात दिलं. डाव्या हातानं द्यायला गेल्या, दुखलं, उजव्यानं दिलं. गूळ आणला होता, तो 'आक्का'ला भरवला. एक खडा उरला. तो घेऊन त्या तबेल्याच्या टोकाला गेल्या, जिथे 'वकील' बांधलेला असतो. तिथे काय बोलणं झालं मला ऐकू आलं नाही. बरीच मिनिटं लागली.

ऑफिसात आम्ही एक वही ठेवतो. तारीख, वेळ, नाव, घोडा. घोड्याचा रकाना मी भरतो, तो नियमच आहे. मी चहा सांगून परत आलो, तर स्कूटर निघून गेली होती आणि पुढच्या शनिवारच्या ओळीत, हिशेबाच्या त्या सुबक अक्षरात, चौथ्या रकान्यात 'वकील' असं लिहिलेलं होतं.

पेन हातात होतं. मी खोडलं नाही.