दार एकीकडे, हॉल दुसरीकडे

पहाटे साडेपाचला लास वेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे कसिनो-हॉटेलांच्या मुख्य रस्त्यावर, पेपरमिल उपाहारगृहाच्या वाहनतळात गाडीच्या बॉनेटवर आम्ही दोघांनी प्रिंट मांडल्या. मार्टिन स्कॉर्सेसीच्या १९९५ च्या 'कसिनो' चित्रपटातल्या निवडक फ्रेम. एका माहितीपटासाठी 'तेव्हा आणि आता' अशा जोड्या करायच्या होत्या. जुना कॅमेरा जिथे उभा होता नेमका तिथेच आपला लावायचा. डिसेंबर होता. सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, त्यामुळे उजेड मोजकाच.

चित्रपटातलं टँजियर्स हे हॉटेल अस्तित्वात कधीच नव्हतं. कथेत ते चालवणारा सॅम रॉथस्टीन बेतला आहे खऱ्या फ्रँक रोझेन्थालवर आणि टँजियर्स बेतलं आहे तो चालवत असलेल्या स्टारडस्टवर. पण जुगाराच्या हॉलमधलं चित्रण झालं रिव्हिएरामध्ये, तेही रात्री. आणि टँजियर्सचं प्रवेशद्वार म्हणून दाखवलं लँडमार्क हॉटेल, जे १९९० पासून बंद पडलं होतं. म्हणजे पात्र दारातून आत शिरतं लँडमार्कच्या आणि पाऊल टाकतं रिव्हिएराच्या गालिच्यावर. दोन्हींमध्ये चालत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. आणि कथा जिथली, ते स्टारडस्ट रिव्हिएराच्या समोर, रस्त्यापलीकडे.

सेट का नाही बांधला? निर्मात्या बार्बरा डी फिना यांचं म्हणणं होतं की खर्च तेवढाच येणार असेल तर सेट बांधण्यात अर्थ नाही. मला त्यात आणखी एक सोय दिसते. कसिनोच्या हॉलला खिडक्या नसतात, भिंतीवर घड्याळ नसतं. पहाटे तीनला घेतलेला शॉट दुपार म्हणून सहज खपतो. रॉबर्ट रिचर्डसन यांच्या छायाचित्रणात टेबलांवर वरून पडणारा कडक उजेड आहे. कपडे, पत्ते, हात पांढरे जळल्यासारखे दिसतात आणि भोवतालचा हॉल मागे सरकतो.

रिव्हिएरा ४ मे २०१५ ला बंद झालं आणि २०१६ मध्ये जमीनदोस्त. समोर सपाट मोकळी जागा होती. अशा ठिकाणी फ्रेम जुळवता येत नाही, निदान इमारतीचा ठसा तरी नकाशावर बसवावा लागतो. जुनं हवाई छायाचित्र घ्यायचं, आजच्या उपग्रहचित्रावर ठेवायचं आणि दोन्हींत सापडणारे किमान तीन बिंदू जुळवायचे. रस्त्याचा कठडा किंवा दुभाजक धरू नये, रुंदीकरणात ते सरकतात. जुन्या बुटक्या इमारतीचे कोपरे भरवशाचे. पेपरमिल १९७२ पासून तिथेच आहे, म्हणून आमचा पहिला बिंदू ते. त्याच्या आणि रिव्हिएराच्या मध्ये ला कोंचा मोटेल होतं, शिंपल्यासारख्या कमानींचं. त्याचा दर्शनी कक्ष आठ तुकडे करून निऑन संग्रहालयात हलवला आहे. ज्याला तो तिथे उभा दिसतो त्याने त्याच्यावरून जुनी जागा ठरवू नये.

खरी अडचण लँडमार्कला आली. मनोरा ३१ मजली, सुमारे ९० मीटर उंच, माथ्यावर रुंद गोल घुमट. ७ नोव्हेंबर १९९५ ला तो सुरुंग लावून पाडला आणि २२ नोव्हेंबरला चित्रपट प्रदर्शित झाला. प्रेक्षकांनी पडद्यावर ते दार पाहिलं तेव्हा मागे मनोराच उरला नव्हता. आता तिथे कन्व्हेन्शन सेंटरच्या वाहनतळाचं डांबर होतं. आमच्या नकाशावरून काढलेली जागा आणि जुन्या छायाचित्रातलं दृश्य काही केल्या जुळेना. रस्त्यापलीकडची जुन्या हिल्टन हॉटेलची, म्हणजे आताच्या वेस्टगेटची तीन पंखांची इमारत भलत्याच कोनात दिसत होती. ती लँडमार्कनंतर एकाच दिवसाने, २ जुलै १९६९ ला उघडली आणि शाबूत आहे. म्हणजे चूक आमचीच.

चूक सापडली ती अशी. हवाई छायाचित्रात उंच वस्तूचा माथा, छायाचित्राच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला कललेला दिसतो. समजा विमान १८०० मीटरवर आहे आणि मनोरा विमानाखालच्या बिंदूपासून ९०० मीटर दूर, तर ९० मीटर उंचीचा माथा सुमारे ४५ मीटर सरकतो. आम्ही घुमटाच्या गोलाचा मध्य धरला होता, कारण पायथा घुमटाखाली झाकलेला होता. अशा वेळी सावलीकडे बघायचं. मनोऱ्याची सावली जिथून निघते तो पायथा. ते केल्यावर बिंदू पार्किंगच्या दोन ओळी ओलांडून सरकला आणि वेस्टगेटचे पंख जुन्या छायाचित्रातल्यासारखे उघडले. त्या डांबरावर उभं राहून पश्चिमेकडे पाहिलं. टँजियर्सचं दार इथे, हॉल तिकडे, आणि त्याच्याही पलीकडे २००७ मध्ये पाडलेल्या स्टारडस्टची जागा. तिन्ही नाहीत, आणि पडद्यावर मात्र ती एकच इमारत आहे. हे वाचून माहीत होतं, तिथे उभं राहिल्यावर अंगावर आलं.

पॅराडाइज पाम्स वसाहतीतलं घर, जे चित्रपटात सॅम आणि त्याची बायको जिंजर यांचं आहे, ते पटकन आटपलं. लोक राहतात तिथे. पदपथावरून एक फोटो, अंगणात पाऊल नाही.

दुपारी जीन. शहराच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवरचं कोरडं तळं. सॅम वाळवंटात त्याचा जुना गुंड मित्र निकी याची वाट पाहतो, दुरून गाडी धुळीचा लोट उठवत येते आणि सॅमच्या गॉगलमध्ये दिसते, ते दृश्य. जिवंत परतण्याची शक्यता तो एरवी शंभरात नव्व्याण्णव धरतो, त्या दिवशी पन्नास-पन्नास. माणूस शेवटपर्यंत पैजेचा भावच लावत असतो.

तळ्याचा तळ चिकणमातीचा. पावसानंतर वरचा पापुद्रा वाळतो, खाली चिखल राहतो. गाडी नेण्याआधी टाच दाबून पाहावी. ओलं लागलं तर चालत जावं. टायरमधली हवा कमी करण्याचा उपाय वाळूत चालतो, इथे नाही, कारण नक्षीत माती भरून टायर गुळगुळीत होतो. आम्ही गाडी कडेला ठेवून तिपाई खांद्यावर घेतली.

इथे ना खांब ना इमारत, फक्त डोंगररांगा. आधी जागा, मग भिंग, हा क्रम मोडू नये. भिंग बदललं तर चित्र लहान-मोठं होतं, वस्तूंची आपापसातली मांडणी बदलत नाही. ती बदलते फक्त आपण हललो तर. जवळच्या टेकडीचा सुळका लांबच्या खिंडीच्या तुलनेत प्रिंटपेक्षा उजवीकडे दिसत असेल तर आपणही उजवीकडे सरकायचं. टेकडी दोन किलोमीटरवर आणि मागची रांग सहावर असेल तर ५० मीटर सरकल्यावर जेमतेम एक अंशाचा फरक पडतो. म्हणून दहा पावलांनी काही कळत नाही, शंभर चालावी लागतात. मग भिंग. चित्रपट सुपर ३५ पद्धतीने घेतलेला आहे, चित्राची रुंदी सुमारे २४ मिलिमीटर. आमच्या कॅमेऱ्याची ३६. त्यामुळे तिथलं ५० मिलिमीटरचं भिंग आमच्याकडे ७५ चं होतं.

पावणेचारला सुळका खिंडीत बसला. सहकाऱ्याने प्रिंट दिव्यासारखी वर धरली, मी पडद्यावर पाहत होतो. रेघ रेघेवर आली. तिपाईच्या तिन्ही पायांचा फोटो काढला, अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहून घेतले, म्हणजे काही मीटरांत परत येता येतं. दिवसभरात तंतोतंत जुळलेली ही एकच फ्रेम.