तुम्ही विचारलंत म्हणून: सहलीला वीसच माणसे का?

आमच्या निसर्ग मंडळाच्या सहलीची घोषणा झाली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यादी भरते आणि तिसऱ्या दिवसापासून मला एकच प्रश्न विचारला जातो: "वीसच का? एकविसाव्याने असे काय बिघडणार आहे?" विचारणाऱ्यांत जुने सभासद असतात, शिक्षक असतात, आपल्या मुलाला एकदा तरी जंगल दाखवावे अशी मनापासून इच्छा असलेले आईवडील असतात. गाडीत जागा आहे, असे कोणी म्हणते. आम्ही आमच्या गाडीने मागून येतो, असे कोणी सुचवते. या प्रश्नाला मी आजवर सोयीची उत्तरे देत आलो. वनखात्याची परवानगी तेवढीच आहे, असे सांगितले. गर्दी झाली की पक्षी उडून जातात, असेही सांगितले. ही उत्तरे काही वेळा खरी होती, पण वीस हा आकडा त्यांतून आलेला नाही. तो जिथून आला ते मी मंडळाच्या बैठकीतही कधी पूर्ण सांगितलेले नाही.

आधी हे कबूल केले पाहिजे की संख्येवर मर्यादा घालण्याला मंडळात सर्वांत कडाडून विरोध करणारा माणूस मीच होतो. जंगल पाहिल्याशिवाय माणूस जंगलासाठी भांडणार नाही, म्हणून जास्तीत जास्त माणसे रानात नेली पाहिजेत, असे माझे मत होते आणि ते मी वार्षिक सभेत आवाज चढवून मांडले होते. एका ज्येष्ठ सभासदांनी तेव्हा "नेणे सोपे आहे, आणणे अवघड" एवढेच म्हटले, तर मी त्यांना भित्रे ठरवले होते. त्या काळी आम्ही पन्नास-पन्नास माणसे नेत असू, आणि काही झाले नाही हाच आमच्या पद्धतीचा पुरावा मानत असू.

ऑगस्ट २०१२ मधला तो रविवार. मुळशीच्या पाणलोटातल्या एका ओढ्यापलीकडचे रान आम्ही निवडले होते. आम्ही छत्तीस जण होतो आणि त्यांत वाट माहीत असलेले दोघे, मी आणि माझा एक सहकारी. सकाळी आठ वाजता ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढे होते आणि तळातला खडान्‌खडा दिसत होता. पलीकडे कळलावी फुलली होती, झाडांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर आमरी, म्हणजे ऑर्किड, होत्या, आणि शीळकरी कस्तूर इतका वेळ गात होता की मुलेसुद्धा चालायची थांबून ऐकत राहिली. सहल अतिशय चांगली झाली होती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण नंतर ती आठवताना कोणालाही, अगदी मलाही, सकाळ आठवत नाही.

परतताना आम्ही जागा बदलल्या. सहकारी पुढे गेला आणि मी टेल झालो. टेलने सर्वांच्या मागे चालायचे असते. त्याच्या मागे कोणीही नसणे हेच त्याचे एकमेव काम. दोनच्या सुमारास आम्ही ओढ्यापाशी आलो. आमच्या डोक्यावर ऊन होते आणि पाणी नडगीपर्यंत आले होते. मला ते फारसे वाटले नाही. हात धरून सहा-सहा जणांची साखळी करून सोडायला सुरुवात केली. तिसरी साखळी पलीकडच्या काठाला लागत असताना पाण्याचा रंग चहासारखा झाला आणि त्यातून हिरवी पाने वाहत आली. सुकी पाने ओढ्यातून रोजच वाहतात; हिरवी पाने आणि कारवीच्या ताज्या काड्या येऊ लागल्या की वरच्या अंगाला पाण्याने काठ ओरबाडायला सुरुवात केलेली असते. मी चौथी साखळी थांबवली. दहा मिनिटांच्या आत, ज्या पांढऱ्या रेघेच्या दगडावर आम्ही पाय देत होतो तो दिसेनासा झाला आणि पाण्याखालून दगड दगडावर आपटल्याचा बद्द आवाज येऊ लागला. पाऊस घाटमाथ्यावर पडला होता आणि आमच्यापर्यंत फक्त त्याचे पाणी आले होते.

अर्धी माणसे अलीकडे, अर्धी पलीकडे. तरीही मी घाबरलो नव्हतो. पाणी उतरेल, थांबू, असा विचार करत होतो. आवाजात बोलणे ऐकू जात नव्हते, म्हणून सहकाऱ्याने हात वर करून दहा बोटे दाखवली, मग आठ. अठरा. मी माझ्या बाजूची डोकी मोजली. मला धरून सतरा. पुन्हा मोजली, सतरा. सगळ्यांना एका रांगेत उभे करून प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून मोजले, तरीही सतराच.

पस्तीस.

त्यानंतरची चाळीस मिनिटे हेच या प्रश्नाचे उत्तर आहे. एक माणूस नाही, हे मला कळले होते; कोण नाही, हे मला सांगता येत नव्हते. यादी सहकाऱ्याच्या पिशवीत होती आणि पिशवी पलीकडे होती. छत्तीसपैकी निम्म्याहून अधिक माणसांना मी त्या सकाळी गाडीत पहिल्यांदा पाहिले होते. ज्यांच्याबरोबर सहा तास चाललो, ज्यांना फुलांची नावे सांगितली, त्यांच्यातला कोणता चेहरा कमी आहे हे मला आठवेना. मी लोकांना विचारले, "तुमच्या ओळखीचे कोणी दिसत नाही का?" सगळ्यांनी आपापल्या माणसांकडे पाहिले आणि माना हलवल्या. एकट्याने आलेल्या माणसाची आठवण ठेवायला तिथे कोणीच नव्हते. एका बाईंनी हलक्या आवाजात विचारले, "साखळीतून कोणाचा हात सुटला का हो?" मी नाही म्हणालो. मला ते माहीत नव्हते. मी पाण्याकडे पाहत होतो आणि माणसाएवढी कोणती वस्तू वाहताना दिसते का, याचा शोध घेत होतो.

तो मागच्या वाटेने चालत आला. एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. डबे खाल्ले त्या जागेजवळ एका डबक्याच्या काठी बेडकाचे छायाचित्र काढत तो थांबला होता. त्याने मला विचारले, "काका, एवढा आवाज कसला येतोय?" मी त्याच्यावर हात उगारला. मारले नाही, पण उगारला, आणि सोळा माणसांसमोर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. त्याचा काहीही दोष नव्हता. मागे थांबायचे नाही, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. डबे खाऊन निघताना मी मोजणी केली नव्हती, आणि टेल असूनही एका सभासदाला आमरीची मुळे हवेतला ओलावा कशी शोषतात हे समजावत पुढच्या माणसांबरोबर चालत राहिलो होतो.

संध्याकाळी गुरे घेऊन एक म्हातारबाबा आले, डोक्यावर इरले होते. त्यांनी आम्हाला वरच्या वाटेने साकवापर्यंत नेले. दीड तास लागला आणि शेवटचा टप्पा अंधारात, तीन विजेऱ्यांवर काढला. वाटेत त्यांनी एकच गोष्ट विचारली: "सकाळी उतरलात तेव्हा माथा झाकलेला होता, बघितलं न्हाई का?" बघितले होते. ढग फार सुंदर दिसत आहेत, असे मी तेव्हा गटाला सांगितलेही होते.

म्हणून वीस. यादी न पाहता कोण नाही हे मला सांगता आले पाहिजे, आणि माझ्या बुद्धीची, स्मरणशक्तीची आणि आमच्याकडच्या जाणत्या माणसांची कुवत तेवढीच आहे. निघण्यापूर्वी अर्धा तास आम्ही नुसती ओळख करून घेतो, त्यावरही तक्रारी येतात. प्रत्येकाला एक जोडीदार देतो, शक्यतो अनोळखी, म्हणजे एकट्याने आलेला माणूस एकटा राहत नाही. यादीच्या तीन प्रती असतात: पुढे, मागे आणि गाडीच्या चालकाकडे. प्रत्येक थांब्यानंतर मोजणी होते आणि ती पूर्ण झाल्याशिवाय कोणी पाऊल उचलत नाही. आठ दिवस आधी आम्ही वाट पाहून येतो, मोबाइलची रेंज कुठे मिळते ते लिहून ठेवतो आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष त्या आठवड्यात शिल्लक आहे का, ते फोन करून विचारतो. पावसाळ्यात, ओढा ओलांडल्याशिवाय परत येता येत नाही अशी वाट आम्ही घेतच नाही, मग सकाळी पाणी घोट्याएवढे का असेना.

लोक मला सापांबद्दल विचारतात. एवढ्या वर्षांत आमच्या सहलीत एकालाही साप चावलेला नाही. शेवाळलेल्या कातळावरून घसरून माणसे पडली आहेत, उन्हाने चक्कर आली आहे, आणि एकदा आग्या माश्यांनी दोघांना रुग्णालयात पोहोचवले आहे. त्या पोळ्याखाली उभे राहून आमचाच गट मोठ्याने बोलत होता. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा मला बरेच फोन आले. तुमचे नियम आता पटतात, असे लोक म्हणाले. मला त्याचे समाधान वाटले नाही. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसे मी चित्रफितीत पाहिली, आणि आमच्या साखळ्या आठवल्या.

आता दुसरी बाजू. यादी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भरते म्हणजे ती आमचा निरोप लगेच वाचणारेच भरतात, आणि ते बहुतेक नेहमीचे सभासद असतात. कामावरून रात्री घरी परतणारा, वसतिगृहात राहणारा, पहिल्यांदाच विचारणारा माणूस बाहेर राहतो. रान सर्वांना दाखवायचे म्हणून निघालेले मंडळ माझ्या नियमाने ओळखीच्या माणसांचे होत चालले आहे, हा आरोप मला मान्य आहे. वार्षिक सभेत ओरडणारा तो मी आज समोर आला, तर या मुद्द्यावर माझ्याकडे त्याला देण्यासारखे उत्तर नाही. शिवाय वीस म्हणजे सुरक्षित, असेही नाही. चार वर्षांपूर्वी सतरा जणांच्या सहलीत एका काकूंचे मनगट मोडले, सगळे नियम पाळूनही.

त्या मुलाला मी दोन आठवड्यांनी फोन केला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले, "ठीक आहे, काका" म्हणाला, आणि पुन्हा कधी आला नाही.

दोन गट का करत नाही, हेही विचारले जाते. सध्या टेल म्हणून ज्यांच्यावर मी पूर्ण विश्वास ठेवू शकतो अशी माणसे मला धरून तिघे आहेत. आणखी दोघी तयार होत आहेत. या पावसाळ्यात त्यांनी पाच सहली मागून चालून काढल्या. त्यांच्यातली एक म्हणते की वीस हा माझ्या त्या चाळीस मिनिटांचा आकडा आहे, जंगलाचा नव्हे, आणि पंचवीस माणसे ती सहज सांभाळू शकते. कदाचित तिचे बरोबर असेल. ती स्वतः गट नेऊ लागली की आकडा ती ठरवेल. मी नेतो आहे तोपर्यंत वीसच.