बेन्तोची नोंद: त्सुयूच्या आधीचा फ्रीझर

टोकियोत त्सुयू, म्हणजे जपानचा पावसाळा, तोंडावर आलाय. त्यामुळे यावेळी बेन्तोची, म्हणजे जपानी जेवणाच्या डब्याची, सजावट बाजूला ठेवून सगळा जोर त्सुकुरिओकीवर, म्हणजे आधी करून ठेवायच्या पदार्थांवर दिला. या दमट हवेत ज्याला पाणी सुटतं तेच आधी नासतं, म्हणून प्रत्येक पदार्थ कोरडा कसा राहील एवढंच पाहिलं.

सर्वांत भरवशाचा ठरला गोबो (एक लांब, खाण्याजोगं मूळ) आणि गाजराचा किनपिरा. काडीसारखं बारीक चिरून तिळाच्या तेलावर परतायचं, सोया सॉस आणि मिरिन (स्वयंपाकातली गोड तांदळाची दारू) घातलं की रस पूर्ण आटेपर्यंत आच मोठीच ठेवायची. सिलिकॉनच्या वाट्यांत भरून गोठवला तरी त्याचा करकरीतपणा जात नाही. हिजिकी, म्हणजे काळं समुद्री शेवाळ, तेही छान टिकतं. बटाटा आणि कोन्याकु (कंदापासून केलेली जेलीसारखी वडी) मात्र गोठवू नका, दोन्हींचा पोत बिघडतो.

पालकावर मी फार खूश आहे! उकडून घट्ट पिळायचा, सोया सॉसचे चार थेंब टाकून पुन्हा पिळायचा, मग भरपूर सुरीगोमा, म्हणजे कुटलेले तीळ. उरलंसुरलं पाणी ते तीळ पिऊन टाकतात. तिळाऐवजी आपलं दाण्याचं कूट घातलं तेव्हा तर चव आणखी खुलली. शेजारच्या चिबा प्रांतात शेंगदाणा भरपूर पिकतो आणि तिथे भाज्यांना असं कूट लावतातच, त्यामुळे बेन्तोत ते अजिबात उपरं वाटत नाही.

घरी गोठवलेली वाटी थेट डब्यात ठेवणं मला उन्हाळ्यात पटत नाही. पाकिटावर ‘शिझेन काइतो’ (आपोआप वितळू देणं) लिहिलेले विकतचे पदार्थ न तापवता तसेच खाता यावेत म्हणूनच बनवलेले असतात, घरचे नसतात. सकाळी आतपर्यंत ७५ अंशांवर किमान मिनिटभर तापवायचं, ताटात पसरून पूर्ण गार करायचं आणि मगच भरायचं. झाकणाला आतून वाफ धरली की सगळी मेहनत पाण्यात.

भात गरम असतानाच प्लास्टिक रॅपमध्ये चपटा गुंडाळून, गार झाला की लगेच फ्रीझरमध्ये. फ्रीजमध्ये ठेवला तर स्टार्च आवळून दाणा कडक होतो. उमेबोशी (खारवलेलं आंबट जपानी फळ) मधोमध एकच ठेवली तर तिचा भात नासू न देण्याचा गुण तेवढ्याच भातापुरता, म्हणून चिरून सगळ्या भातात मिसळते. मधातली गोड उमेबोशी यासाठी नको, जुन्या पद्धतीची खारटच हवी.

तमागोयाकी, म्हणजे अंड्याची गुंडाळी, रोज ताजीच. दाशी (जपानी सूपचा अर्क) घालायची तर चिमूटभर काताकुरिको (बटाट्याचा स्टार्च) कालवून घाला, म्हणजे पाणी सुटत नाही. अंडं आतपर्यंत शिजलेलं हवं. चेरी टोमॅटोचे देठ काढून, धुऊन, पुसून घ्या, कारण देठाच्या बेचक्यात जंतू राहतात.

पुढच्या रविवारी कारलं करून पाहणार आहे, कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचा कीस) लावून. कोणी गोठवून पाहिलं असेल तर चकत्या किती जाड ठेवल्या ते सांगा.